पहिला आटा

आमच्या ह्यांना एक खोड आहे. नवी वस्तू घरात आली की ती वापरायच्या आधी उघडायची. मिक्सर आला, उघडला. पंखा आला, छताला टांगायच्या आधी त्याची वाटी खोलून आत डोकावून झालं. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ तर अंगाची हळद उतरायच्या आत पाटावर सुटं होऊन पडलं होतं, आणि माझी आई डोळ्याला पदर लावून बसली होती. ते घड्याळ अजून चालतं, ही गोष्ट वेगळी. "आत काय हाय ते बघितल्याबिगर भरोसा कसा ठिवायचा?" हे ह्यांचं ठरलेलं उत्तर. मी म्हणायची, बायको करताना कुठं उघडून बघितली होती? त्यावर हे मिशीत हसायचे.

हे म्हणजे राजेंद्र. हर्सूलला आमचं गॅरेज आहे, पुढं गॅरेज आणि मागं घर. जीप, पिकअप, छोटे टेम्पो असली कामं येतात. फुलंब्रीकडून भाजी घेऊन शहरात येणाऱ्या निम्म्या गाड्यांना ह्यांचा हात लागलेला आहे. मी फोन घेते, पार्ट मागवते, गिऱ्हाईकांना चहा देते आणि जो उगाच घासाघीस करतो त्याला दोन शब्द ऐकवते. ते काम मला चांगलं जमतं.

मागच्या हिवाळ्यात जॅक निसटला आणि गाडीचा पत्रा ह्यांच्या उजव्या मनगटावर बसला. नस कापली, बोटांच्या शिरा कापल्या. डॉक्टरांनी सगळं जोडलं आणि हात वाचवला. त्या डॉक्टरांच्या नावानं मी अजूनही देवापुढं एक वात जास्त लावते. पण त्यांनी बजावून सांगितलं की लांब पान्याला लोंबकळायचं नाही, हातोडा मारायचा नाही, झटका द्यायचा नाही. हलकी मशीन चालवलीत तर हरकत नाही. बोटांचं काय, असं मी विचारलं की हे म्हणायचे, "समदं कळतंय. तू नको फिकीर करू." मी नाही केली.

ह्यांचा चुलत भाऊ बद्रीनाथ शेंद्र्याच्या एका कंपनीत आहे. वयानं लहान, पण जीव लावणारा. त्यानं तिथल्या स्टोअरमध्ये ह्यांच्यासाठी जागा बघून ठेवली. माल आला की उतरवून घ्यायचा, मोजायचा, बसून राहायचं. "दादा, सोमवारपस्तोर जागा धरून ठिवतो," असं म्हणाला. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण ती गोष्ट निघाल्यापासून ह्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. सबंध आयुष्य गाडीखाली काढलेला माणूस खुर्चीवर बसून खोके मोजणार, ही कल्पना मलाही सोसत नव्हती, आणि गॅरेज बंद पडलेलंही परवडणार नव्हतं.

शेवटी हेच म्हणाले, "नट-बोल्ट सोडायची-आवळायची बॅटरीवरची मशीन बघू. बद्रीच्याच जीपचा पंप बदलायचा हाय. तेवढं काम ह्या हातानं झालं तर गॅरेज ठिवायचं. नाय झालं तर सोमवारी बद्रीला हो म्हणायचं आन शटर खाली." बद्रीनाथची जीप आमच्या दारात उभीच होती. तिचा पाण्याचा पंप गळत होता आणि नवा पंप मी आणून ठेवला होता.

शनिवारी आम्ही उस्मानपुऱ्यात उमाताईंच्या दुकानात गेलो. दुकान त्यांच्या सासऱ्यांचं, आता त्या एकट्या बघतात. भिंतभर मशिनी टांगलेल्या. ह्यांनी सगळ्यांत जड होती ती आधी उचलली. ह्या धंद्यातल्या जुन्या माणसांना हाताला जड लागेल तीच मशीन खरी वाटते, बाकीची खेळणी. खटका दाबून पाहिला आणि मग हे मशिनीच्या मागच्या जाळीतून आत बघायला लागले. एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"ताई, हिच्यात ठिणगी दिसंना," हे म्हणाले. "मोटर खराब हाय का?"

उमाताई हसल्या, पण टर उडवल्यासारख्या नाही. "राजेंद्रभाऊ, जुन्या मोटरीत कार्बन घासतो, म्हणून ठिणगी दिसते. ही ब्रशलेस आहे. हिच्यात कार्बनच नाही. आत एक कार्ड असतं, ते कुठल्या वेटोळ्याला कधी करंट द्यायचा ते ठरवतं. घासायला काही नाही, म्हणून तापते कमी, बॅटरी जास्त पुरते, आणि तेवढ्याच ताकदीला मशीन लहान होते."

"कार्बन नाय म्हंजे बदलायचं काय कामच नाय. आन कार्ड गेलं तर?"

"तर तुमच्याकडं दुरुस्त होणार नाही. सर्व्हिस सेंटरला पाठवावी लागेल. आत्ता गोड बोलून विकली तर नंतर तुम्ही मलाच शिव्या द्याल."

मला ही बाई तिथंच आवडली. विकणारी असून मालाचं दुखणं आधी सांगत होती.

"आणि नुसता मोठा आकडा बघून घेऊ नका," त्या पुढं म्हणाल्या. "हातात आहे ती ट्रकच्या चाकांसाठी. तुमच्याकडं जीप आणि पिकअप. चाकाचे नट सुटतील आणि इंजिनाच्या फटीत शिरेल अशी मधली बघा. छोट्या बोल्टला तिचा वेग कमी करता येतो. आवळताना शेवटचा दाब मात्र टॉर्क पान्यानंच द्या, म्हणजे हवा तेवढाच आवळला जाईल. आणि पुढं ड्रिल, ग्राइंडर घ्याल ते ह्याच बॅटरीवर चालणारं घ्या, नाहीतर घरात चार्जरच चार्जर होतात."

हे माना डोलावत ऐकत होते. ऐकता ऐकता ती जड मशीन उजव्या हातातून डाव्या हातात कधी गेली ते ह्यांचं ह्यांनाही कळलं नाही. मला कळलं. मी उमाताईंकडं पाहिलं तर त्यांचीही नजर तिथंच होती.  त्यांनी मधली मशीन काढली, ह्यांच्या उजव्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही धरून उभे राहा. मी चहा सांगते. चहा येईपर्यंत खाली ठेवायची नाही."

चहा यायला चांगलाच वेळ लागला. मला वाटतं, त्यांनी तो मुद्दाम लावला.

"आता सांगा, मनगट काय म्हणतं?"

"काय म्हणत नाय," हे म्हणाले, आणि किती महिन्यांनी ह्यांच्या तोंडावर जरा उजेड दिसला.

"मग हीच. चालवून बघा आणि सोमवारी सकाळी सांगा, ठेवायची की परत करायची. माझ्याकडचा दाखवायचा पीस गंगापूरला गेलाय, म्हणून नवी देतेय. फक्त एवढं सांभाळा." त्यांनी एका स्क्रूवर चिकटवलेलं बारीक स्टिकर दाखवलं. "हे फाटलं तर कंपनी परत घेत नाही आणि वॉरंटीही जाते."

मी ह्यांच्याकडं वळून म्हटलं, "ऐकलंत ना?" हे म्हणाले, "व्हय." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या 'व्हय'चा भाव मला माहीत असायला हवा होता.

रविवारी दुपारी मी हरसिद्धी देवीला जाऊन आले. ओटी भरली आणि ह्यांच्या हाताला यश दे म्हणाले. परत येऊन पाहते तर गॅरेजमध्ये टेबलावर जुनी चादर पसरलेली, आणि तिच्यावर उमाताईंची मशीन दोन फाकांत उघडी पडलेली. स्टिकर मधोमध फाटलेलं.

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुम्हाला माणसाची भाषा कळते का नाही? परकी वस्तू! त्या बाईनं भरोशावर दिली, एका कागदावर सही घेतली नाही, आणि तुम्ही तिची आतडी काढून बसलात! उद्या काय तोंड दाखवणार आहात तिला? त्या घड्याळाच्या वेळी मी गप्प बसले, तीच चूक झाली!"

   टेबलाखाली वाकून त्यांनी डाव्या हातानं एक स्क्रू उचलला, उजव्या हाताच्या बोटांत धरला आणि मशिनीच्या भोकाकडं नेला. स्क्रू खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग मला दिसलं की फरशीवर तसे बरेच पडले आहेत.

माझा राग जागच्या जागी बसला. मी स्टूल ओढून समोर बसले. "डोळे मिटा," म्हटलं. त्यांनी मिटले. मी एक स्क्रू उचलून त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर ठेवला आणि वाट बघत राहिले.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "ठिव ना. काय ठिवणार होतीस ते."

स्क्रू केव्हाचा बोटांवरच होता.  त्यांनी डोळे उघडले, बोटांकडं पाहिलं, आणि मग मान खाली घातली.

"मला वाटलं व्हतं, येईल हळूहळू," ते म्हणाले. "डॉक्टर बी म्हणले व्हते, काही जणांचं येतं. तुला कशाला घोर लावायचा, म्हणून बोललो नाय. मशीन चांगली हाय, रूपा. लई चांगली हाय. ताकद ती लावती, हाताला तकलीफ नाय. पन मशीन फक्त आवळती आन सोडती. पहिला आटा बोटानंच धरावा लागतो."

मग त्यांनी मला ते समजावून सांगितलं, आणि त्यांच्या धंद्यातली एवढी साधी गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. बोल्ट कधीही थेट मशिनीनं बसवायचा नाही. आधी बोटांनी भोकात ठेवायचा, जरा उलटा फिरवायचा, आटा आट्यात पडल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा फिरवायचा. वाकडा गेला आणि वर मशीन चालवली तर आतला ॲल्युमिनियमचा आटा कापला जातो आणि सगळा भागच वाया. डाव्या हातानं ते करता आलं असतं, पण पंपासारख्या कामात एका हातानं पार्ट दाबून धरावा लागतो, आणि तो जरा सरकला तरी त्या हाताला कळावं लागतं. दोन्ही हातांना कळलं पाहिजे. ह्यांच्या एकाच हाताला कळत होतं.

"कारागीर ठिवला तर तो मशीन दाबून मोकळा व्हतो. कुणाच्या आट्यावर भरोसा ठिवू मी?" असं म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला. "बद्रीला आत्ताच सांगून टाकतो. उगं सोमवारपस्तोर कशाला टांगून ठिवायचं."

मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "आधी ही परकी वस्तू जोडून बंद करा. मग ज्याला करायचा त्याला फोन करा. सांगा, कुठलं काय कुठं बसतं?"

खरं सांगते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं फक्त उमाताईंचा चेहरा होता, दुसरा काही विचार नव्हता. हे सांगत गेले आणि मी करत गेले. तीन बारीक वायरी खोबणीत बसवायच्या, चेमटू द्यायच्या नाहीत. खटक्याची स्प्रिंग आधी. मग दुसरी फाक वरून अलगद. "आता स्क्रू ठिव. जोर नको. उलटा फिरव जरा. कळलं?"

बोटांखाली काहीतरी बारीकसं टक् झालं. "पडला," मी म्हणाले.

"काय?"

"आटा पडला. आत्ता."

हे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मग म्हणाले, "दुसरा लाव." दुसरा लावला. तोही पडला, आणि पडल्याचं मी न विचारता सांगितलं. ब्लाउजला हुक आणि फॉलला टाके घालून घालून माझी बोटं बारीक कामाला सरावलेली, आणि एवढ्या वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. शेवटचा स्क्रू आवळून मी बॅटरी सरकवली आणि खटका दाबला. मशीन सुरू झाली. मी देवीचं नाव घेतलं, मोठ्यानं.

हे उठले आणि जीपचं बॉनेट उघडून उभे राहिले. मला "ये" म्हणाले नाहीत. नुसती शेजारी जागा ठेवली.

जुन्या पंपाचे बोल्ट मशिनीनं भराभर सोडले. मशीन ह्यांच्या उजव्या हातात आणि मनगट सरळ, कुठंही कळ नाही. गंजलेला एक बोल्ट जरा रुसला, मग तोही आला. नवा पंप बसवताना ह्यांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि मी बोल्ट एकेक करून बोटांनी लावत गेले. एक वाकडा जातोय असं मला वाटलं. हे म्हणाले, "वाटलं ना? मग काढ. वाटण्यावरच काम असतंय." काढला, पुन्हा लावला, तेव्हा सरळ गेला. मग त्यांनी हलक्या वेगानं मशीन फिरवली आणि शेवटी डाव्या हातानं टॉर्क पान्याचा दाब दिला. अंधार पडायच्या आत बेल्ट चढवून, पाणी भरून, इंजिन तापवून झालं. इंजिनाखाली आम्ही एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवला. रात्रभरात गळलं तर सकाळी त्यावर डाग दिसेल.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एक गोष्ट कळली आणि मी मनातल्या मनात ह्यांच्या त्या खोडीला हात जोडले. ह्यांनी मशीन उघडली नसती तर बोटांचं खरं मला कधीच कळलं नसतं. हे हसत हसत खोके मोजायला गेले असते, आणि हाताला काम झेपलं नाही एवढंच मी समजले असते.

सकाळी उठल्याबरोबर दोघंही पुठ्ठ्याकडं गेलो. हे गुडघ्यावर बसले. पुठ्ठा बाहेर ओढला, उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला. अगदी कोरडा.  मी रडले. आनंदानं रडण्यात लाज कसली?

मग उमाताई. दुकानात शिरल्याबरोबर मी मशीन काउंटरवर ठेवली आणि फाटलेलं स्टिकर त्यांच्यासमोर केलं. ह्यांना तोंड उघडू दिलं नाही. "ताई, उघडली. चूक आमची. परत देत नाही, ठेवून घेतो. पण तुम्ही सांगून सुद्धा हे झालं, म्हणून माफी मागायला आले."

उमाताईंनी मशीन उचलली, जोडावरून बोट फिरवलं, खटका दाबून कानाशी धरली. "वॉरंटी गेली, त्याला माझा इलाज नाही," त्या म्हणाल्या. "पण उघडलेली मशीन माझ्याकडं नेहमी एखादा स्क्रू कमी होऊन येते. ही चांगली बंद केलीय. राजेंद्रभाऊ, हात सुधारला म्हणायचा."

"हात माझा नाय, ताई," हे म्हणाले. आणि मग, मला कल्पना नसताना, माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ही मशीन हिनं बंद केली. जीपचा पंप बी हिच्या बोटांनी बसला. मला बोटांचं कळत नाय आता. हिला कळतंय." परक्या माणसासमोर ह्यांनी आपल्या हाताबद्दल खरं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

उमाताईंनी माझे हात पाहिले. नखांत काळं ग्रीस होतं, रात्री कितीही घासलं तरी न निघालेलं. त्या आत गेल्या आणि पातळ हातमोज्यांचा एक जोड घेऊन आल्या. "गिऱ्हाईकांना सगळे मोठ्या मापाचे देते. हे लहान माप मी माझ्यासाठी मागवते. ढगळ मोज्यात आटा कळत नाही, वहिनी. हे घाला." मी पर्स उघडायला गेले तर त्यांनी माझा हातच धरला. काही माणसांचे उपकार फेडायचे नसतात, नुसते आठवायचे असतात. मी ते मोजे छातीशी धरून घरी आणले, हे मी कबूल करते.

बारा वाजायच्या सुमाराला बद्रीनाथ आला. जीप सुरू केली, खाली वाकून पाहिलं, पुन्हा सुरू केली. खूश झाला. मग उतरून ह्यांच्यासमोर उभा राहिला. "दादा, मग कसं करायचं? सायबांना आज नाव द्यावं लागंल."

मी चुलीपाशी नव्हते, दारातच होते. कोरडा पुठ्ठा काय, मोजे काय, शेवटी शब्द ह्यांच्या तोंडून यायचा होता.

"बद्री, तू माझ्यासाठी एवढं केलंस, ते मी इसरणार नाय," हे म्हणाले. "पन ती जागा दुसऱ्या कुणाला दे. कुणातरी गरजूचं भलं व्हईल. आमचं गॅरेज चालू राहणार."

"आन हात?"

"हाताचं काय, तो तसाच राहील. मशीन चांगली मिळाली. आन पहिला आटा तुझी वहिनी धरती. तिच्या आट्यावर माझा भरोसा हाय."

बद्रीनाथ ह्यांच्याकडून माझ्याकडं आणि माझ्याकडून बॉनेटकडं बघत राहिला. मग त्यानं सरळ वाकून माझ्या पायाला हात लावला. "वहिनी, माझा दादा खुर्चीवर बसला असता तर वर्षात म्हातारा झाला असता," असं म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी त्याला उठवलं, चहा दिला आणि जीप नीट चालव म्हणून दमही दिला.

तो गेला तेवढ्यात रस्त्यावरून एक पिकअप आत वळली. पुढचं चाक कुरकुरत होतं. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली, "ओ मिस्त्री!"

आम्ही दोघंही उठलो.